तेलटंचाई : वाटणारे आणि सोसणारे



या व्यासपीठावर प्राध्यापक बोलतात, कायदेपंडित बोलतात, क्वचित एखादे मंत्रीही बोलून जातात. आमचे शाळेतले शिक्षण नववीपाशी थांबले. पुढचे जे काही शिकलो ते कारखान्याच्या फाटकापाशी, कामगार न्यायालयाच्या बाकड्यावर आणि आपल्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा तेलासारख्या जागतिक विषयावर बोलण्याचा तुमचा अधिकार काय, असे कोणी विचारले तर त्याचा प्रश्न गैर नाही. आमचा अधिकार एवढाच की, तेलाची टंचाई आली म्हणजे तिचा पहिला हप्ता ज्यांच्याकडून वसूल होतो, त्या लोकांत आमचे आयुष्य गेले आहे.

१९७९ साली इराणात क्रांती झाली. ती क्रांती आमच्या घरी रॉकेलच्या डब्यातून आली. आम्ही नऊ वर्षांचे होतो. आई कामावर जायची, म्हणून रांगेत उभे राहण्याचे काम आमच्याकडे असे. दुकान उघडण्यापूर्वीच डब्यांची रांग लागलेली असायची. माणसे भिंतीला टेकून बसत आणि त्यांच्या जागी डबे उभे असत. एक दिवस आमच्या पुढे चार डबे उरले असताना दुकानदाराने नरसाळे आत नेले आणि फळी टांगली. फळीवर खडूने लिहिले होते, ‘रॉकेल शिल्लक नाही’. संध्याकाळी त्याच दुकानाच्या मागच्या दाराने एक पिंप बाहेर पडताना आम्ही पाहिले. आईला सांगितले, तर ती म्हणाली, “गप्प बस. पुढच्या वेळी तेवढेही मिळायचे नाही.”

त्या दुकानात एक वही होती. किती पिंपे आली, किती गेली, कोणाला गेली, हे तिच्यात लिहिलेले होते किंवा लिहिलेले असायला हवे होते. परंतु रांगेतल्या कोणालाही ती वही मागावी असे सुचले नाही. सगळ्यांनी फळी वाचली आणि डबे उचलले. पुढे चाळीस वर्षे तेलाविषयी जे काही वाचनात आले, त्यातून आमच्या हाती जे लागले ते हे : टंचाईत फळी सर्वांना दिसते, वही मात्र थोड्यांच्या हाती असते, आणि वही ज्याच्या हाती, वाटणी त्याच्या हाती. हा एकच मुद्दा आज आपल्यापुढे मांडायचा आहे. त्यासाठी आधी आपण १९७३ सालाकडे वळू. कारण तेलाच्या टंचाईत सरकारे काय करतात आणि कंपन्या काय करतात, याचा इतका उघडा धडा दुसरा नाही.

त्या वर्षी ६ ऑक्टोबरला इजिप्त आणि सीरिया यांचे इस्रायलशी युद्ध जुंपले. १६ ऑक्टोबरला इराणच्या आखातातील तेलउत्पादक देशांनी खनिज तेलाचा भाव पिंपाला सुमारे ३ डॉलरांवरून ५ डॉलरांच्या वर नेला. दुसऱ्याच दिवशी अरब देशांच्या तेलमंत्र्यांनी कुवेत येथे ठरविले की, दरमहा निदान ५ टक्के उत्पादन कमी करत जायचे. इस्रायलला मदत करणारी अमेरिका आणि तिच्यामागोमाग हॉलंड, यांना तर तेल अजिबात द्यायचे नाही, असे ठरले. १ जानेवारी १९७४ पासून भाव ११ डॉलर ६५ सेंट झाला. म्हणजे तीन महिन्यांत जवळजवळ चौपट.

आता येथे क्षणभर थांबा. भाव चौपट झाला, मग तेल चौथ्या हिश्शावर आले होते काय? मुळीच नाही. टंचाई अगदी तीव्र होती त्या डिसेंबरात, साम्यवादी देश वगळता उरलेल्या जगाला पूर्वी मिळणाऱ्या तेलाच्या सुमारे ९ टक्के तेल कमी पडत होते. शंभर भाकऱ्यांत नऊ भाकऱ्या कमी. घरात शंभराच्या जागी एक्क्याण्णव भाकऱ्या असतील तर शहाणी बाई प्रत्येकाच्या ताटातली थोडी थोडी कमी करते, लेकरांचे आणि आजाऱ्याचे आधी पाहते, आणि कोणी उपाशी निजत नाही. परंतु बाजार हे घर नव्हे. तेथे ज्याच्या खिशात पैसा तो दोन वेळांच्या भाकऱ्या आधीच उचलून ठेवतो. १९७३ सालीही तेच झाले. उद्या मिळेल की नाही, या धास्तीने जो तो टाक्या भरू लागला. नऊ टक्क्यांची तूट खरी होती; तिच्यावर भीतीचा जो थर चढला, त्याने भाव आकाशाला नेले.

अशा वेळी हे तेल वाटले कोणी? तेल जमिनीतून काढणारे देश म्हणत होते, अमुक देशाला द्यायचे नाही. तेल घेणाऱ्या देशांची सरकारे म्हणत होती, आम्हांला पुरे द्या. मध्ये होत्या सात-आठ मोठ्या कंपन्या. एक्सॉन, शेल, ब्रिटिश पेट्रोलियम, टेक्साको वगैरे. कोणते तेलवाहू जहाज आज कोणत्या समुद्रात आहे, त्यात कोणत्या जातीचे तेल आहे आणि ते कोणत्या शुद्धीकरण कारखान्यात चालेल, हे फक्त त्यांना ठाऊक होते. त्यांनी इराण, नायजेरिया अशा ठिकाणचे अरबांचे नसलेले तेल हॉलंड आणि अमेरिकेकडे वळविले, आणि अरबांचे तेल इतरांकडे नेले. बंदी कागदावर पाळली गेली आणि तूट मात्र सर्व गिऱ्हाईक देशांवर साधारण सारखी पसरली.

त्याच ऑक्टोबरात इंग्लंडचे पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी ब्रिटिश पेट्रोलियम आणि शेल या दोन कंपन्यांच्या प्रमुखांना चेकर्स येथील सरकारी निवासस्थानी बोलावून घेतले. ब्रिटनला पुरेपूर तेल द्या, इतरांचे काय ते पाहू नका, अशी त्यांची मागणी होती. ब्रिटिश पेट्रोलियमचे जवळजवळ निम्मे भाग ब्रिटिश सरकारच्याच मालकीचे होते, हे येथे ध्यानात घ्या. तरीही त्या कंपनीचे प्रमुख सर एरिक ड्रेक यांनी नकार दिला. सरकारचा तसा हुकूम असेल तर तो लेखी मिळावा, असे त्यांचे म्हणणे. लेखी द्यायचे म्हणजे फ्रान्सचे किंवा जर्मनीचे तेल तोडून आम्हांला द्या, असे स्वतःच्या सहीने लिहायचे. ते हीथसाहेबांनी केले नाही. ब्रिटनला इतरांइतकाच कमी वाटा मिळाला.

आम्ही कंपन्यांचे वकील नव्हे, परंतु खरे ते बोलले पाहिजे. ड्रेकसाहेबांनी त्या दिवशी जे केले, त्याने एका देशाची चैन होऊन दुसऱ्याची उपासमार होण्याचे टळले. वाटणी न्याय्य होती असे पुष्कळ जाणकारांनी नंतर मान्य केले. आमचा आक्षेप निराळा आहे. कोट्यवधी लोकांच्या चुली, गाड्या आणि कारखाने यांचा हा निवाडा काही थोड्या गृहस्थांनी केला. त्यांना कोणी निवडून दिले नव्हते. कोणत्याही संसदेत त्यावर मतदान झाले नाही. आज त्यांनी सारखे वाटले. उद्या न वाटले तर त्यांना विचारणार कोण? वाढपी ओळखीचा असला तर पंगतीत कोठेही बसावे म्हणतात. परंतु वाढप्याच्या ओळखीवर ज्या देशाचे जेवण अवलंबून आहे, त्याने आपण स्वतंत्र आहोत असे म्हणू नये.

बरे, सरकारांनी काय केले? त्यांनी लोकांना काटकसर शिकविली. हॉलंडमध्ये ४ नोव्हेंबरपासून रविवारी मोटार चालवायची बंदी झाली. मोठ्या रस्त्यांवर पोरे चाकांचे बूट घालून खेळली. इंग्लंडमध्ये पेट्रोलची रेशनपुस्तके छापून वाटण्यात आली, पण ती वापरण्याची वेळ आली नाही. दूरचित्रवाणी रात्री साडेदहाला बंद होऊ लागली. अमेरिकेत ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. ही काटकसर वाईट नव्हती. परंतु नीट पाहिले तर ज्याची मोटार फिरायला जाण्यासाठी होती त्याचा एक रविवार गेला, आणि ज्याची मोटार पोटासाठी होती त्याची भाकरी गेली. अमेरिकेतील स्वतःचा ट्रक चालविणारे ड्रायव्हर डिसेंबर १९७३ मध्ये हमरस्ते अडवून उभे राहिले, ते उगाच नव्हे. डिझेल महागले, वेग कमी झाला म्हणून खेपा कमी झाल्या, आणि भाडे मात्र तेच राहिले.

अमेरिकन सरकारने वाटपाचा कायदाही केला. परंतु वाटप करायचे कोणत्या आधारावर? १९७२ साली ज्या भागाने जितके वापरले त्या मानाने. टंचाईच्या भीतीने लोक लांबच्या सहली सोडून शहरातच राहिले, आणि पेट्रोल जुन्या हिशेबाप्रमाणे सहलीच्या गावांना जात राहिले. म्हणून शहरात मैलभर रांगा आणि बाहेरगावी पंप भरलेले, असा प्रकार घडला. कित्येक आकड्यांसाठी तर सरकारला कंपन्यांच्याच तोंडाकडे पाहावे लागत होते. जानेवारी १९७४ मध्ये सिनेटर हेन्री जॅक्सन यांनी सात मोठ्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना समितीपुढे बसवून नफ्याविषयी फैलावर घेतले. एकट्या एक्सॉनचा १९७३ सालचा नफा आदल्या वर्षीपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी वाढून २४० कोटी डॉलरांच्या आसपास गेला होता. परंतु साठा किती, वाटेवर किती, या प्रश्नांचे स्वतःचे उत्तर सरकारपाशी नव्हते. ते मिळविण्यासाठी निराळे माहिती खाते अमेरिकेने १९७७ साली काढले. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. पण घोडे आले, हेही काही कमी नाही.

इंग्लंडात तर टंचाईचे निमित्त कामगारांवर उलटले. कोळसा-खाणीतील मजुरांनी वेतनवाढीसाठी १२ नोव्हेंबरपासून जादा काम थांबविले होते. तेल महाग झाले म्हणजे कोळशाला भाव आला, आणि कोळसा खणणाऱ्याला त्याचा वाटा हवा, हे साधे गणित होते. सरकारने १ जानेवारी १९७४ पासून उद्योगधंद्यांना आठवड्यातून तीनच दिवस वीज दिली. बुडालेल्या दिवसांचा मोठा भार अर्थातच कामगारांच्या घरांवर पडला. हीथसाहेबांनी देशावर राज्य कोणाचे, सरकारचे की खाणमजुरांचे, असा प्रश्न उभा करून फेब्रुवारीत निवडणूक घेतली आणि सत्ता गमावली. कंपनीच्या प्रमुखाकडून नकार आला तेव्हा त्यांनी हा प्रश्न जनतेपुढे नेला नव्हता.

आता स्वदेशाकडे येऊ. आपल्याकडे या गोष्टीची सुरुवात १९७३ च्या आधीची आहे. मुंबईत ट्रॉम्बे येथे स्टॅनव्हॅक आणि बर्मा-शेल यांचे, आणि विशाखापट्टणमला कॅल्टेक्सचे, असे तीन शुद्धीकरण कारखाने १९५४ ते १९५७ या काळात सुरू झाले. कारखाने आपल्या भूमीवर, कामगार आपले. परंतु त्यात कोणते तेल शिजवायचे आणि ते कोठून आणायचे, हे करारान्वये कंपन्यांच्या हाती. १९६० साली रशियाने भारताला स्वस्त कच्चे तेल देऊ केले. तेलमंत्री केशवदेव मालवीय यांनी कंपन्यांना सांगितले, हे शुद्ध करून द्या. कंपन्यांनी साफ नकार दिला. मात्र स्वस्त तेल दारात उभे आहे म्हटल्यावर त्यांच्या स्वतःच्या तेलाच्या भावात सवलत निघाली! तोवर हा भाव म्हणजे जणू निसर्गनियम, तो बदलत नसतो, असे आपणांस सांगितले जात होते. भाव तपासण्यासाठी सरकारला दामले समिती नेमावी लागली.

१९७३ च्या नोव्हेंबरात पेट्रोल-रॉकेलचे भाव भडकले, तेव्हा अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले. सरकारने मग कंपन्या ताब्यात घेतल्या. १९७४ साली एस्सोची हिंदुस्थान पेट्रोलियम झाली, १९७६ साली बर्मा-शेल घेतली, तिचीच आजची भारत पेट्रोलियम, कॅल्टेक्सही गेली. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ जहाजाने मुंबईच्या समुद्रात तेल शोधले आणि १९७६ मध्ये ते वाहू लागले. वही परक्यांच्या हातून आपल्या सरकारच्या हाती आली, ही फार मोठी गोष्ट झाली. आमच्या आधीच्या पिढीतील कामगार-कार्यकर्त्यांनी त्या दिवशी पेढे वाटले असतील तर आम्ही त्यांना हसणार नाही.

परंतु सरकारच्या हातची वही लोकांच्या हाती आली काय? या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी आम्हांला आमची स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले. पुन्हा भाव चढले. सरकारने त्या ऑक्टोबरात तेलाच्या पदार्थांवर २५ टक्के अधिभार बसविला. देशाची परदेशी गंगाजळी आटत गेली आणि पुढच्या वर्षी सोने परदेशी गहाण टाकण्याची वेळ आली, हे आपणांस आठवत असेल. आम्ही तेव्हा एका फौंड्रीत हेल्पर होतो. वीस-एकवीस वर्षांचे, आणि युनियनच्या कमिटीवर नुकतेच निवडून आलेलो. भट्टी फर्नेस ऑइलवर चाले. व्यवस्थापनाने कमिटीला बोलावून सांगितले, तेल मिळत नाही, तिसरी पाळी बंद करावी लागेल, देशावर संकट आहे. चहा आला, बिस्किटे आली. आम्ही वर्तमानपत्र रोज वाचणारे, म्हणून कमिटीने गेट-मीटिंगमध्ये बोलायला आम्हांलाच उभे केले. आम्ही कुवेत सांगितले, सद्दाम हुसेन सांगितला, देशासाठी सोसले पाहिजे असेही सांगितले. टाळ्या पडल्या. तिसऱ्या पाळीत बत्तीस बदली कामगार होते. त्यांना दुसऱ्या दिवसापासून काम नव्हते.

तीन महिन्यांनी टाकीवर काम करणारा एक माणूस आम्हांला भेटला. रोज सकाळी टाकीत पट्टी बुडवून माप घ्यायचे आणि वहीत लिहायचे, हे त्याचे काम. तो म्हणाला, “टाकी निम्म्याखाली कधी गेलीच नाही. तुम्ही विचारले असते तर दाखवले असते.” तेल महागले होते, हे खरे, मिळत नव्हते, हे खरे नव्हते. महागाईचा भार मालकाने बत्तीस घरांवर टाकला आणि त्याला देशभक्तीचे भाषण आम्ही पुरविले. बत्तिसांपैकी अकरा जण पुन्हा कामावर आले नाहीत. कोणी गावी गेले, कोणी मुंबईला हमालीला गेले. त्यांतला एक जण पुढे एस. टी. स्टँडवर भेटला. त्याने आम्हांला शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते. त्याने घरची विचारपूस केली आणि तो गेला.

त्या दिवसापासून आमचा नियम झाला : कोणीही ‘शिल्लक नाही’ म्हटले की प्रथम वही मागायची. वही दाखविली तर सोसायलाही आम्ही तयार आहोत. न दाखविता सोसा म्हणणे ही लूट आहे.

आता सरकारी वहीकडे वळू. २०२० साली महामारीत जगभर तेलाचे भाव कोसळले. आपल्या सरकारने त्या संधीला विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर येथील भूमिगत साठे स्वस्तात भरून घेतले, हे शहाणपणाचे केले. त्या तीन ठिकाणांची क्षमता ५३ लाख टनांवर आहे. सरकारी हिशेबाने सुमारे साडेनऊ दिवसांची गरज. परंतु त्याच वर्षी मार्च आणि मे महिन्यांत उत्पादनशुल्क असे वाढविले की, स्वस्त तेलाचा लाभ पंपापर्यंत पोहोचलाच नाही. २०२२ साली युक्रेनचे युद्ध पेटले. तेव्हा सरकारने शुल्क काही कमी केले, आणि एप्रिलपासून जवळजवळ दोन वर्षे पंपावरचे भाव स्थिर ठेवले. आधी सरकारी कंपन्यांना मोठा तोटा झाला. तो आम्ही नाकारत नाही. पुढे रशियाचे सवलतीतले तेल आले. पूर्वी आपल्या आयातीत त्याचा वाटा २ टक्क्यांच्या आसपास असे. २०२३-२४ मध्ये तो तिसऱ्या हिश्शाहून अधिक झाला. त्या वर्षी तिन्ही सरकारी कंपन्यांचा नफा मिळून ८० हजार कोटींच्या वर गेला. त्यातला किती भाग आधीच्या तोट्याची भरपाई आणि किती ग्राहकाच्या खिशातला, हे टेम्पोवाल्याला कोणी मांडून दाखविले? १९६० साली रशियन तेलाची सवलत कंपन्यांनी अडविली होती. या वेळी अडविणारे परके नव्हते, आणि तरीही सवलत वाटेत कोठे थांबली, ते सामान्य माणसाला समजत नाही.

परदेशातील मोठ्या कंपन्यांचे तर विचारूच नका. २०२२ साली एक्सॉनमोबिलने सुमारे ५,५७० कोटी डॉलर नफा मिळविला आणि शेलने ४,००० कोटी डॉलरांच्या जवळ. ब्रिटनने त्या साली अशा नफ्यावर जादा कर बसविला. आपणही जुलै २०२२ मध्ये बसविला आणि डिसेंबर २०२४ मध्ये उठविला. करातून नफ्याचा काही भाग परत येतो. टंचाईत कोणी किती सोसावे, हे मात्र त्याने ठरत नाही.

१९७३ च्या धड्यातून श्रीमंत देश एक गोष्ट शिकले. नोव्हेंबर १९७४ मध्ये त्यांनी पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था काढली. प्रत्येकाने आधी ६० आणि पुढे ९० दिवसांच्या आयातीइतका साठा ठेवायचा, तूट ७ टक्क्यांवर गेली की ठरल्या सूत्राने वाटून घ्यायचे, आणि कंपन्यांनी माहिती द्यायची, असे करारात लिहिले. वाढप्याच्या मर्जीवर न राहता पंगतीचा नियम आधी लिहून ठेवायचा, हे त्यांना कळले. मग आपल्या देशातल्या देशात, आपल्या जिल्ह्यात, आपल्या गावात हा नियम का नसावा?

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. पहिली, टंचाई जाहीर झाली की प्रत्येक जिल्ह्याचा साठा दर आठवड्याला फळ्यावर लागला पाहिजे. साठा उघड केला तर साठेबाजी होईल, असे कोणी म्हणेल. आमचा अनुभव उलट आहे; साठेबाज अंधारात वाढतो. अमेरिकेत देशभरातल्या साठ्याचे आकडे दर आठवड्याला प्रसिद्ध होतात, म्हणून ती बुडाली नाही. आपल्याकडे पेट्रोलियम मंत्रालयाचा कक्ष देशाचे आकडे दरमहा देतो; तेच गावापर्यंत आणा. दुसरी, आधी कोणाला, हा क्रम संकटापूर्वी ठरवा : रुग्णवाहिका, एस. टी., शेतीचा पंप, मच्छीमाराची होडी, स्वयंपाकाचा गॅस. आणि तो ठरविणाऱ्या समितीत ड्रायव्हर, शेतकरी, गृहिणी यांनाही बसवा. तिसरी, इंधन नाही म्हणून पाळी बंद झाली तर त्या पाळीचे वेतन हा इंधनाच्याच खर्चाचा भाग धरा. बदली कामगाराच्या पोटावर देशाची बचत करू नका.

तेल पुन्हा महागेल, पुन्हा तुटेल. खाडीत कोठे तरी जहाजे अडतील आणि येथे फळी टांगली जाईल. त्या दिवशी आम्हां कार्यकर्त्यांपैकी कोणी फाटकावर उभा राहून तुम्हांला देशासाठी सोसा म्हणाला, तर त्याला एवढेच विचारा की, तू वही पाहिलीस काय? नसेल पाहिली, तर त्याला टाळ्या देऊ नका.